नकाशा कोणाच्या दफ्तरात?

खानदेशातील काळी जमीन आणि सातपुड्याच्या पायथ्याचे रान शहरांच्या पसरणीपासून वाचवावयाचे असेल, तर त्या भूमीचा माती, भूजल, उतार, वृक्षाच्छादन आणि मालकी या पाचही अंगांनी एकत्र नकाशा आधी तयार करावा, तो प्रसिद्ध करावा आणि अकृषिक वापराचा प्रत्येक अर्ज त्या कसोटीवर पारखून घ्यावा, अशी सूचना जळगावात किंवा धुळ्यात कोणी मांडली की तिच्यावर ठरावीक चार आक्षेप येतात. ते केवळ भूखंडांचा व्यापार करणारेच घेतात असे नाही. शेतकऱ्याविषयी ज्यांची कळकळ निःसंशय आहे असे गृहस्थही तेच आक्षेप तेवढ्याच आवेशाने घेतात, आणि म्हणून त्यांची थट्टा करून भागणार नाही, त्यांना युक्तिवादानेच उत्तर द्यावयास हवे.

पूर्वपक्ष असा. पहिला आक्षेप असा की, ही मुंबई-पुण्याची व्याधी आहे. खानदेशात जमिनीला तोटा नाही आणि शहरे तर अजून बाळसेही धरलेली नाहीत. दुसरा असा की, कापसाला भाव नाही, विहिरीला पाणी नाही आणि शिकलेल्या मुलाला नोकरी नाही अशा स्थितीत सापडलेल्या शेतकऱ्याजवळ जमिनीची वाढलेली किंमत एवढीच काय ती ठेव उरली आहे, आणि तुमचा नकाशा तीच हिरावून घेणार. तिसरा असा की, आकाशातून घेतलेल्या चित्राला शिवारातले काय कळणार. शिवाय मोजणी हे नेहमीच सरकारचे शस्त्र राहिलेले आहे. आणि चौथा असा की, नकाशांना काही कमतरता आहे काय. दफ्तरे त्यांनी भरलेली आहेत, पण एका तरी बिगरशेतीच्या हुकमाला नकाशाने अडविले आहे काय? यांपैकी तिसऱ्या आक्षेपात नकाशा अतिबलवान ठरतो व चौथ्यात अगदीच निर्बल, त्यामुळे एकाच सभेत दोन्ही आक्षेप घेणाऱ्याने आपले म्हणणे एकदा निश्चित करावे हे बरे. तरीही प्रत्येकात सत्याचा काही अंश आहे आणि तो नाकारून वाद जिंकण्यात अर्थ नाही.

पहिल्या आक्षेपातील दोष असा की, तो जमीन हेक्टरांनी मोजतो. तापीचे खोरे उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठा-सातमाळ्याच्या रांगा यांच्यामध्ये पसरलेले आहे, आणि त्यातील भूमी एकजिनसी नाही. रावेर, यावल व चोपडे या तालुक्यांत तापीच्या उत्तरेस शेकडो फूट जाडीच्या गाळाचा जो पट्टा आहे, त्याच्यावर जळगावची केळी उभी आहे, जिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. उलट साक्रीच्या पश्चिमेकडे चढत गेले की मुरमावर वीतभर मातीचा थर लागतो. दोन्ही ठिकाणची एक हेक्टर जमीन सातबाऱ्यावर एक हेक्टरच दिसते. पण शहर वसते कोठे? नदीकाठी, सडकेलगत, पाणी जवळ असेल तेथे, म्हणजे बहुधा चांगल्या जमिनीवरच. पांझरेच्या काठचे धुळे इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज यांनी १८१९ च्या सुमारास आखलेल्या सरळ रस्त्यांच्या पेठेतून वाढत देवपूर, वलवाडी, महिंदळ्यापर्यंत आले. जळगावने मेहरूण आणि पिंप्राळा ही खेडी आपल्या पोटात घेतली. या दोन्ही शहरांना २००३ मध्ये महानगरपालिका मिळाल्या. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. जेथे दोन महामार्ग छेदतात तेथील शहर लहान राहील हे गृहीत धरणे भाबडेपणाचे आहे. शहर लहान आहे म्हणून नकाशा नको, या विधानाचा क्रम उलटा लावला पाहिजे: शहर अद्याप लहान आहे, म्हणूनच नकाशाला अद्याप वेळ आहे.

याहून गंभीर गोष्ट भूगर्भाची आहे. सातपुडा जेथे संपतो आणि सपाटी सुरू होते, तेथे डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा व वाळूरेतीचा एक पट्टा आहे. भूजलशास्त्रज्ञ त्याला बझाडा म्हणतात. पावसाचे आणि नाल्यांचे पाणी याच पट्ट्यातून खाली मुरते आणि पुढच्या गाळाच्या थरात, म्हणजे केळीच्या विहिरींखाली जाऊन पोचते. महसुली नजरेने पाहणाऱ्यास ही जमीन दगडाळ, हलकी, जवळजवळ निरुपयोगी वाटते. तिचा सारा कमी आणि भावही कमी. शेती वाचवा असा आग्रह धरणारा भला माणूससुद्धा, घरे बांधावयाचीच तर या माळावर बांधा, असाच सल्ला देईल, आणि त्या सल्ल्याने खालच्या शंभर विहिरींचा घसा आवळला जाईल. यावल-रावेरच्या विहिरी किती खोल गेल्या आहेत हे तेथील बागाईतदारास सांगावे लागत नाही. त्याच भागातील भूजल पुन्हा भरून काढण्यासाठी तापी खोरे महापुनर्भरण प्रकल्पाच्या करारावर महाराष्ट्र व मध्य प्रदेश या दोन राज्यांनी १० मे २०२५ रोजी स्वाक्षऱ्या केल्या. एका हाताने हजारो कोटी रुपये खर्चून जमिनीत पाणी घालावयाचे आणि दुसऱ्या हाताने त्याच पट्ट्यावर फरसबंदीला मुभा द्यावयाची, ही विसंगती केवळ पिकाचा किंवा केवळ मालकीचा नकाशा पाहून लक्षात येणार नाही. मातीचा थर, पाण्याचा थर आणि गट नंबरांचा थर एकावर एक ठेवून पाहिले तरच ती दिसते. भौगोलिक माहिती प्रणालीचे सारे प्रयोजन या एकावर एक ठेवण्यात आहे.

आता दुसरा आक्षेप, जो सर्वांत वजनदार आहे. मालकाला त्याच्या जमिनीचे काय करावयाचे ते ठरविण्याचा हक्क आहे, हे तत्त्व मांडताना आपण जणू खानदेशाच्या मातीतले सनातन तत्त्व मांडीत आहोत असा आविर्भाव असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. पांझरा, बुराई, मोसम, आरम या नद्यांवरील बंधाऱ्यांखाली शतकानुशतके जी फड पद्धत चालत आली, तिच्यात जमीन प्रत्येकाच्या मालकीची होती, परंतु कोणत्या फडात, म्हणजे शेतांच्या कोणत्या गटात, यंदा ऊस लागेल, कोणत्या फडात गहू आणि कोणत्या फडात भुसार, हे गावाने ठरवावयाचे आणि एकट्या मालकाने त्यात बदल करावयाचा नाही, असा दंडक होता. पंच ठरवीत, पाटकरी पाणी वाटीत आणि ज्याच्या शेताला पाणी पोचले नाही त्याची तकरार ऐकली जाई. मालकी अबाधित ठेवून वापरावर सामूहिक मर्यादा घालण्याची ही रीत कोणत्याही परदेशी नगररचनाकाराने आम्हास शिकविलेली नाही. आजच्या कायद्यातही मालकी निरंकुश नाही: १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा, आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध घालणारे जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ आणि अकृषिक वापराचे नियमन करणारे कलम ४२ ही सर्व मर्यादेचीच उदाहरणे होत. तेव्हा वाद मर्यादा असावी की नसावी याविषयी नाही. ती कोणत्या ज्ञानाच्या आधारावर असावी, एवढ्यापुरताच तो आहे.

राहता राहिला भावाचा प्रश्न. जमिनीची वाढलेली किंमत शेतकऱ्याची ठेव आहे असे म्हणणाऱ्याने ती ठेव अखेर कोणाच्या खात्यावर जमा होते याचा हिशेब मांडून दाखवावा. जमीन शेतकऱ्याकडून एकराच्या भावाने विकत घेतली जाते आणि पुढे चौरस फुटाच्या भावाने विकली जाते. या दोन भावांमध्ये जे अंतर असते, ते रस्ता कोठून जाणार, हद्दवाढ केव्हा होणार आणि पिवळा, म्हणजे निवासी, पट्टा कोठे पडणार हे आधी माहीत असण्याचे मोल आहे. ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर लोहमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. अशा मार्गाच्या अवतीभोवतीचे व्यवहार मंजुरीची बातमी छापून येईपर्यंत थांबून राहतात, असे मानणारा मनुष्य खानदेशात विरळाच. तेव्हा नकाशा शेतकऱ्याला लुबाडतो हे म्हणणे खोटे आहे. जो नकाशा काही थोड्यांच्याच हाती असतो, तो लुबाडतो.

उलट खुले चित्र शेतकऱ्याच्या कामीही येऊ शकते. धुळे जिल्ह्यातील विखरण येथे सौर प्रकल्पासाठी जमीन गेलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतले आणि काही दिवसांत त्याचा अंत झाला. त्याची तक्रार मोबदल्यातील तफावतीची होती. अशा तकरारीत जमिनीवर त्या दिवशी काय उभे होते हा मुद्दा निर्णायक असतो, आणि आज तो पंचनामा लिहिणाऱ्याच्या लेखणीवर सोडलेला आहे. १९७२ पासूनची लँडसॅट उपग्रहांची चित्रे आणि १९८८ नंतरची आपल्या स्वतःच्या उपग्रहांची चित्रे तारखेनिशी जतन केलेली आहेत. बाग होती की नव्हती, शेत बागाईत होते की जिराईत, याची साक्ष त्यांच्यावरून काढता येते. ही साक्ष शेतकऱ्याच्या बाजूने उभी करण्यास कोणाची हरकत असावी आणि का, याचा विचार आक्षेपकांनी अवश्य करावा.

तथापि एवढ्याने दुसऱ्या आक्षेपाचे पूर्ण निरसन होत नाही, हे मान्य केले पाहिजे. ज्याची जमीन संरक्षित पट्ट्यात पडेल तो शेजाऱ्याच्या तुलनेत गरीब होईल आणि समाजाच्या अन्नपाण्यासाठी एकट्याने तोटा सोसावा असे त्याला सांगणे अन्यायाचे आहे. परंतु यावर उपाय अज्ञात नाही. अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या माँटगोमेरी परगण्याने १९८० मध्ये मोठे क्षेत्र शेतीसाठी राखून ठेवताना तेथील मालकांना बांधकामाचे हक्क शहरी भागात विकण्याची मुभा दिली. शेत शेतच राहिले आणि मालकाला पैसा मिळाला. हस्तांतरणीय विकास हक्क ही वस्तू आमच्या मुंबई-पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांस चांगलीच परिचित आहे; शहरातील आरक्षित भूखंडाच्या मालकास जे मिळू शकते ते केळीच्या बागाईतदारास का मिळू नये, याचे उत्तर शेतकऱ्याचा कळवळा सांगणाऱ्यांनीच द्यावे.

तिसरा आक्षेप ऐतिहासिक आहे आणि खानदेशाला तो घेण्याचा अधिकार इतर कोणत्याही प्रांताहून अधिक आहे. गोल्डस्मिड व विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या पद्धतीची मोजणी या भागात आली तेव्हा १८५२ मध्ये सावदे, एरंडोल या बाजूंस रयत हजारोंनी जमून मोजणीच्या विरोधात उभी राहिली आणि पुढाऱ्यांना धरण्यासाठी सरकारास फौज आणावी लागली. मोजणीदाराची साखळी शेताला लागली की सारा वाढणार, हा त्या रयतेचा समज अगदीच निराधार नव्हता. परंतु त्या मोजणीचे स्वरूप पाहिले म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. १८४७ च्या संयुक्त अहवालाने पक्क्या झालेल्या त्या पद्धतीत प्रत्येक शेतातील मातीची खोली हातांनी मोजून, तिचे दोष टिपून, आण्यांच्या हिशेबाने प्रतबंदी केली जात असे. म्हणजे कोणत्या शेताची माती किती खोल आणि किती कसदार, याचे ज्ञान शेतवार मिळविणे पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या सरकारला साधले होते, कारण त्याला सारा वसूल करावयाचा होता. आजच्या सरकारजवळ नागपूरचे मृदा सर्वेक्षण कार्यालय आहे, तेथीलच राज्याचे सुदूर संवेदन केंद्र आहे, भूजल सर्वेक्षणाची यंत्रणा आहे, आणि २०२० पासून ड्रोनने गावठाणातील घर अन् घर मोजले जात आहे. तरी बिगरशेतीचा अर्ज निकालात काढताना त्या गटातील माती किती खोल आहे हा प्रश्न कोणी विचारीत नाही. वसुलीसाठी जी प्रतबंदी शक्य होती ती संरक्षणासाठी अशक्य असल्याचे सोंग आता पुरे झाले.

आदिवासींचा अनुभव याहून ताजा आहे. वनहक्क कायद्याखाली १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावयाचा असतो आणि उपग्रहाच्या चित्रात शेत दिसत नाही एवढ्या एका सबबीवर दावे फेटाळले गेल्याची उदाहरणे गुजरातेत घडली. तेथील उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती रीत चुकीची ठरविली. २०१२ च्या सुधारित नियमांतही उपग्रहाचे चित्र इतर पुराव्यांना पूरक ठरेल, त्यांची जागा घेणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. हेच तत्त्व आम्हासही मान्य आहे. मे महिन्यात घेतलेल्या चित्रात खानदेशातील कपाशीचे उत्तम रान उघडे पडीक दिसते; सरकारी पडीक जमिनींच्या वर्गीकरणात गवताळ माळही सर्रास मोडतात, आणि धुळे जिल्ह्यातील लामकानीच्या ग्रामस्थांनी चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळून अशाच माळावर गवत आणि पाणी परत आणून दाखविले आहे. तेव्हा चित्राची पडताळणी बांधावर उभे राहूनच झाली पाहिजे. ते दुष्कर आहे काय? इंग्लंडमध्ये भूगोलज्ञ डडली स्टँप यांनी १९३० नंतरच्या दशकात भूवापराचे जे देशव्यापी सर्वेक्षण केले, त्यातील क्षेत्रकाम मुख्यत्वे शाळांतील विद्यार्थी व शिक्षक यांनी हातात नकाशे घेऊन शेतोशेत हिंडत केले, आणि पुढे चांगली शेतजमीन राखण्याच्या धोरणाला त्याचा आधार मिळाला. जळगावच्या विद्यापीठात भूगोल शिकणारी मुले आहेत, धुळ्यास कृषी महाविद्यालय आहे, आणि गावोगाव आपल्या शिवाराची नस जाणणारी म्हातारी माणसे आहेत. यंत्राला जमीन कळत नाही हे सांगून जे थांबतात, त्यांना जमीन जाणणाऱ्या माणसाला तरी त्या कामात बोलवावयाचे आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

याच ठिकाणी कोणी बारीपाड्याचे उदाहरण पुढे करील. साक्री तालुक्यातील या आदिवासी पाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून सुमारे ४४५ हेक्टर जंगल राखले, आणि २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली; तेथे कोणता उपग्रह कामी आला? कोणताच नाही, आणि हे उदाहरण आमच्याच बाजूचे आहे. तेथील जंगल वाचले, कारण त्याची सीमा आणि त्याचा नियम प्रत्येक घराला ठाऊक होता आणि नियम मोडणाऱ्यास गावासमोर जाब द्यावा लागे. धुळ्याजवळच्या लळिंग कुरणाच्या किंवा जळगावच्या लांडोरखोरीच्या वनाच्या शेजारी असे गाव नाही. तेथे शेजारी शहर आहे, ज्याच्या लक्षावधी रहिवाशांना वनाची हद्द कोठे लागते हे माहीत नाही आणि माहीत करून घेण्याचे साधनही त्यांच्या हाती नाही. जे बारीपाड्यात तोंडोतोंडी होऊ शकले ते शहराच्या शेजारी प्रसिद्ध नकाशावाचून होणार नाही.

चौथ्या आक्षेपाला उत्तर देण्याआधी त्याची कबुली दिली पाहिजे: कायद्याचे बंधन नसलेला नकाशा भिंतीवरील शोभेची वस्तू होय. गोव्याने या बाबतीत दोन्ही धडे दिले आहेत. तेथील २०११ सालापर्यंतची प्रादेशिक योजना प्रसिद्ध झाली, डोंगर आणि शेते वस्तीच्या रंगात रंगलेली लोकांनी नकाशावर पाहिली, आंदोलन पेटले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारास ती योजना मागे घ्यावी लागली. नकाशा लोकांनी वाचला म्हणून हे घडले. पुढे आलेल्या योजनेतील पट्टे मात्र चूक दुरुस्तीच्या नावाखाली एकेका भूखंडापुरते बदलण्याची वाट २०२३ मध्ये कायद्यातच पाडण्यात आली आणि त्यावर लोकांना न्यायालयात जावे लागले. महाराष्ट्रात ही वाट अधिक प्रशस्त आहे. जमीन महसूल संहितेत कलम ४४-अ ने उद्योगांना, आणि पुढे ४२-अ, ४२-ब, ४२-क, ४२-ड अशा कलमांच्या मालिकेने निवासी व इतर वापरांना सवलती मिळत गेल्या; त्यांतील ४२-ड प्रमाणे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमीन, ठरलेल्या रकमा भरल्यावर, अकृषिक झाल्याचे मानण्याची सोय झाली. तलाठ्याकडचे हेलपाटे वाचावेत हा या तरतुदीचा हेतू स्तुत्यच आहे. परंतु जमिनीचे भवितव्य ठरविताना तिने फूटपट्टी तेवढी हाती घेतली. दोनशे मीटरच्या आत मुरूम आहे की सोळा आणे काळी, पाटाचे पाणी पोचते की नाही, खाली पाणी मुरते की नाही, याची तिला खबर नाही. नकाशा हुकमाला अडवीत नाही, असे म्हणणाऱ्यास आमचे उत्तर एवढेच की, हुकमाने नकाशाला विचारलेच पाहिजे असे अद्याप कोणत्याही कलमाने म्हटलेले नाही. तो दोष कलमाचा आहे.

तेव्हा मागणी नेमकी मांडू. शहर विकास योजना आखण्यापूर्वी मृत्तिका व भूजल यांचा नकाशा गट नंबरांवर बसवून मराठीत प्रसिद्ध व्हावा आणि त्यावर ग्रामसभेत हरकती घेण्यास पुरेशी मुदत मिळावी. खोल काळी जमीन, पाटाखालचे क्षेत्र आणि सातपुड्याच्या पायथ्याचा पुनर्भरण पट्टा यांना ४२-ड सारख्या सवलतींतून वगळावे. या पट्ट्यांत अपवाद करावयाचाच असेल तर त्याची कारणे नकाशावरच त्या गटाशी नोंदली जावीत, म्हणजे अपवाद कोणासाठी झाला हे पुढच्या पिढीलाही वाचता येईल. दर दोन वर्षांनी किती शेतजमीन शहरात गेली याचा जिल्हावार हिशेब जाहीर व्हावा. कॅलिफोर्निया राज्य गेली चार दशके असा हिशेब ठेवीत आले आहे आणि तेथील जमिनीचा बाजार त्यामुळे बुडालेला नाही. आणि संरक्षित पट्ट्यातील मालकास विकास हक्काच्या रूपाने भरपाई मिळावी, कारण तिच्यावाचून ही सारी तजवीज अन्यायाची ठरेल आणि टिकणारही नाही.

चारही आक्षेप एकत्र ठेवले म्हणजे त्यांच्यामागील एक समान गृहीत उघडे पडते: जणू आज खानदेशात नकाशा नाही आणि आम्ही तो नव्याने लादू पाहत आहोत. नकाशा आजही आहे. नरडाण्याच्या औद्योगिक पट्ट्यापासून महामार्गालगतच्या ले-आऊटपर्यंत प्रत्येक मोठा व्यवहार कोणत्या ना कोणत्या नकाशाच्या भरवशावरच होतो. फरक इतकाच की तो विकत घेणाऱ्याने पाहिलेला असतो आणि विकणाऱ्याने पाहिलेला नसतो. १८५२ ची रयत मोजणीला भ्याली, कारण मोजणीचे ज्ञान सरकारजवळ होते आणि तिच्याजवळ नव्हते. त्या भयावरचा इलाज मोजणी बंद पाडणे हा तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. मोजणीचे ज्ञान रयतेच्या हाती देणे हाच होता. जे गृहस्थ शेतकऱ्याच्या हितासाठी या नकाशाला विरोध करतात, त्यांनी आपण वस्तुतः कोणाचे गुपित राखीत आहोत हे एकदा तपासून पाहावे, आणि शेतकऱ्याचे म्हणून जे हित ते सांगतात ते खुल्या नकाशासमोर टिकते की नाही, हे शेतकऱ्यालाच ठरवू द्यावे.